उतारवयातली उन्हाळी

(महिला गटांच्या कार्यकर्त्यांसाठी झालेल्या आरोग्य शिबिरातल्या बोलण्याचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



सकाळी आपण जमलो तेव्हा चहा फिरला. मी बघत होते. तरण्या पोरींनी चहा घेतला, वर पाणीही प्यायल्या. मागे भिंतीला टेकून बसलेल्या चार-पाच जणींनी मात्र कप हातात घेतला, एक घोट घेतला न घेतला आणि खाली ठेवला. पाण्याचा तांब्या पुढं आला तर म्हणाल्या, "नको बाई, आत्ताच पिऊन आले." मला ते लगेच ओळखू आलं, कारण कित्येक वर्षं मीही हेच बोलत आले आहे. घरी परतायला दोन तासांची एस.टी., वाटेतल्या स्टँडवरची मुतारी आपल्याला माहीत आहे, आणि या हॉलमागं चाळीस बायकांना एक संडास, त्याला कुलूप, किल्ली शिपायाच्या खिशात. अशा वेळी बाई काय करते? पाणीच पीत नाही.

आज मला लघवीबद्दल बोलायचं आहे. हसू नका. हसायचं असेल तर आत्ताच मोकळेपणानं हसून घ्या, पुढं काम आहे. वय झालेल्या बाईला पुन्हा पुन्हा होणारी लघवीची जळजळ, ज्याला आपल्या आया उन्हाळी लागली म्हणायच्या आणि आता सगळे 'युरीन इन्फेक्शन' म्हणतात, तो आजचा विषय.

विषय निवडताना मी जरा मागं वळून पाहिलं. बाईच्या शरीराबद्दल आपल्या चळवळीनं किती बोललंय! १९८६ साली नेट-एन इंजेक्शनाविरुद्ध स्त्री संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. गर्भलिंग चाचणीविरुद्ध आपण रस्त्यावर उतरलो. आरसा आणि बॅटरी घेऊन स्वतःचं शरीर स्वतः बघायची शिबिरं झाली. त्या शिबिरांतून मी तिशीत शिकले. पण नीट आठवून बघा, ते सगळं पाळी, गर्भ, बाळंतपण आणि पाळणा लांबवणं याभोवतीच होतं. तेव्हा आपण त्या वयाच्या होतो. आता आपले केस पिकले, पण आरोग्याच्या वह्या तिथंच थांबल्या.

सरकारचंही तेच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी होते ना, तिच्यात बायकांना प्रश्न विचारतात ते १५ ते ४९ वयाच्या. पन्नासावं लागलं की बाई त्या मोजणीतून बाहेर. आणि २०११ च्या जनगणनेत साठीपुढच्या बायका पाच कोटींच्या वर होत्या. एवढ्या बायका, आणि त्यांच्या ओटीपोटात काय चाललंय हे विचारायला कुणी नाही.

गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या होत्या, तो अभ्यास १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. शंभरातल्या ब्याण्णव जणींना अंगावरचं काही ना काही दुखणं निघालं, आणि त्याआधी कधी आतून तपासणी झालेल्या फक्त आठ. त्या अभ्यासाचं नाव आपण भाषणांत पुष्कळदा घेतो. पण त्या ब्याण्णवांतल्या ज्यांची पाळी गेली, त्यांचं पुढं काय, हे आपण कधी विचारलं नाही. मीही नाही विचारलं. मला ते विचारायची पाळी आली ती स्वतःवर बेतलं तेव्हा.

मला पहिल्यांदा त्रास झाला तो सत्तावन्नाव्या वर्षी. रात्री तीनदा उठले, थेंब थेंब व्हायची आणि आग. सकाळी ओळखीच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या, तिसऱ्या दिवशी बरं वाटलं, उरलेल्या दोन दिवसांच्या मी डब्यात ठेवल्या. हो, मी, आरोग्य कार्यकर्ती! सात आठवड्यांनी परत तेच. मग डब्यातल्या गोळ्या खाल्ल्या. मग मेडिकलवाल्याकडून आणल्या. वर्षभरात सहा वेळा झालं. एका मोठ्या दवाखान्यात गेले, तिथं नाव सांगून दोन मिनिटं झाली नसतील तोवर चिठ्ठी लिहून झाली होती. मी विचारलं, "पण पुन्हा पुन्हा का होतंय?" ते म्हणाले, "ताई, वय झालं. या वयात असं होतंच."

त्या सहा वेळांत एकदाही कुणी लघवीची कल्चर तपासणी केली नव्हती. एकदाही कुणी आतून तपासलं नव्हतं. आणि मीही "तपासा" म्हटलं नाही. दुसऱ्या बायकांना गेली तीस वर्षं सांगते, डॉक्टरला प्रश्न विचारा, कागद मागा. स्वतःच्या बाबतीत जीभ टाळ्याला चिकटली.

शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी टेबलावर झोपवून तपासलं. म्हणाल्या, "पाळी जाऊन किती वर्षं झाली? आतली त्वचा अगदी पातळ, कोरडी झालीय. रोग इथं आहे. नुसत्या जंतूंच्या मागं लागून काय होणार?"

हे जरा सावकाश समजून घेऊ, कारण सगळी मेख इथं आहे.

बाईची मूत्रनळी असते जेमतेम चार सेंटिमीटर, म्हणजे दोन बोटं. पुरुषाची वीसच्या आसपास. तिचं तोंड योनीच्या अगदी वर आणि गुदद्वार जवळच. बहुतेक वेळा त्रास देणारा जंतू ई. कोलाय, तो आपल्याच आतड्यात राहतो. मग तरुणपणी सारखा त्रास का होत नाही? कारण योनीत राखण असते. इस्ट्रोजेन नावाचं संप्रेरक बीजकोशातून येतं, त्याच्यामुळं योनीचं अस्तर जाड, ओलसर राहतं, त्यात लॅक्टोबॅसिलस नावाचे चांगले जंतू राहतात. हे दह्यातल्या जंतूंचे भाऊबंद. ते आम्ल तयार करतात आणि त्या आंबटपणात आतड्यातले जंतू टिकत नाहीत. पाळी जाते तेव्हा इस्ट्रोजेन ओसरतं. अस्तर पातळ होतं, चांगले जंतू निघून जातात, आंबटपणा जातो. राखण उठली की मग कुणीही यावं आणि वस्ती करावी. तिथून मूत्रनळी दोन बोटं, वर मूत्राशय.

आपल्याकडं बायकांची पाळी साधारण छेचाळीस-सत्तेचाळिसाव्या वर्षी जाते. म्हणजे सत्तरी गाठणाऱ्या बाईची वीस-पंचवीस वर्षं अशी बिनराखणीची. आणि जिची पिशवी तिशी-पस्तिशीत काढली तिचं काय? पिशवीबरोबर बीजकोश काढले तर हे सगळं त्याच दिवशी सुरू होतं, आणि ठेवले तरी ते बऱ्याचदा काही वर्षं आधीच थकतात. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची गोष्ट २०१९ साली पुढं आली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारनं समिती नेमली. ८२ हजारांवर बायकांची पाहणी झाली, त्यातल्या १३ हजारांवर बायकांची पिशवी काढलेली निघाली. त्या बायका म्हाताऱ्या होतील तेव्हा हे दुखणं त्यांना शेजारणीपेक्षा आधी गाठणार. वर्तमानपत्रांत पिशव्यांचा आकडा आला, पुढच्या तीस वर्षांचा हिशोब आला नाही.

तर उपाय. इस्ट्रोजेनची मलम असते, योनीत लावायची. १९९३ साली, लक्षात घ्या, तीस वर्षांहून जास्त झाली, 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये राझ आणि स्टॅम या दोन डॉक्टरांचा अभ्यास छापून आला. पाळी गेलेल्या, पुन्हा पुन्हा लघवीचा संसर्ग होणाऱ्या ९३ बायका. निम्म्यांच्या वर बायकांना एस्ट्रिऑलची मलम दिली, बाकीच्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची. बिनऔषधाच्या बायकांना वर्षाला सरासरी जवळजवळ सहा वेळा त्रास झाला. औषधाच्या बायकांना? वर्षाला अर्धा. म्हणजे दोन वर्षांत एकदा. आणि महिनाभरात त्यांच्यातल्या बऱ्याच जणींच्या योनीत ते चांगले जंतू परत राहायला आले होते.

एवढं माहीत असताना मला सहा वेळा गोळ्या मिळाल्या आणि मलम एकदाही नाही!

मलम लावायची पद्धत साधी. पहिले दोन आठवडे रोज रात्री चिमूटभर, म्हणजे अर्धा ग्रॅम, नंतर आठवड्यातून दोनदा. पंधरा ग्रॅमची ट्यूब सुरुवातीचे दोन आठवडे धरून दोन-अडीच महिने जाते. गुण यायला थोडे आठवडे लागतात, आणि सोडली की कोरडेपणा परत येतो. तोंडानं घ्यायच्या हॉर्मोनच्या गोळ्यांचा या कामाला उपयोग होत नाही, त्या वेगळ्या. मलमेतलं औषध रक्तात फारच थोडं उतरतं. पण दोन गोष्टी आधी डॉक्टरांना सांगायच्याच: स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर, आणि पाळी गेल्यावर पुन्हा अंगावर लाल गेलं असेल तर. दुसऱ्या बाबतीत आधी त्या रक्ताची तपासणी, मलमेचं मग.

आता तुम्हाला वाटेल, एवढा सोपा इलाज, मग बायका का करत नाहीत? आमच्या गटातल्या एका अक्कांची गोष्ट सांगते. वय अडुसष्ट. यजमान जाऊन अकरा वर्षं झाली. विड्या वळून पोरं वाढवली. त्यांना वर्षात चार वेळा ताप भरून आला होता, एकदा सलाईन लावावं लागलं. मी त्यांना डॉक्टरीणबाईंकडे नेलं, मलम लिहून आणली. दोन महिन्यांनी विचारलं तर म्हणाल्या, "लावली न्हाई." का? "विधवा बाईच्या ट्रंकेत असली ट्यूब सापडली तर सून काय म्हणंल?"

मी खोटं बोलणार नाही, मला राग आला. अक्कांचा नाही. ट्यूबवर आत घालायच्या नळीचं चित्र असतं. म्हाताऱ्या बाईच्या योनीचा कुणाशी काही संबंध असेल अशी नुसती कल्पनाही घरात चालत नाही, मग तिथं औषध लावणं हा चोरटेपणा होतो. डोळ्यांत थेंब घालायला अक्का सुनेलाच बसवतात. मग आम्ही काय केलं, ट्यूब खोक्यातून काढली, रिकाम्या बामच्या डबीशेजारी पिशवीत घातली आणि सुनेला सांगितलं, "लघवीच्या जागेला लावायचं औषध आहे." ती म्हणाली, "मग आधीच का न्हाई लावलं? रात्री-अपरात्री मलाच उठावं लागतं की!" सुनेला काहीच वाटलं नव्हतं. भीती अक्कांच्या मनात होती, पण ती त्यांनी स्वतः घडवलेली नव्हती.

आता गोळ्यांकडे येऊ. लघवीला जळजळ, सारखी सारखी लागणं, ओटीपोटात दुखणं, घाईची लागणं, असं झालं आणि ते सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा झालं, की त्याला 'पुन्हा पुन्हा होणारा संसर्ग' म्हणायचं. तिथून पुढं आंधळी गोळी नको. लघवीचं कल्चर करायचं. म्हणजे लघवीतला जंतू प्रयोगशाळेत वाढवतात आणि कुठल्या औषधाला तो मरतो ते पाहतात. गोळीचा पहिला डोस घ्यायच्या आधी लघवी द्यायची, नंतर देऊन उपयोग नाही. जागा पाण्यानं धुवायची, पहिली धार सोडून द्यायची, मधली धार निर्जंतुक बाटलीत, आणि तासाभरात प्रयोगशाळेत. उशीर होणार असेल तर फ्रिजमध्ये. घरच्या जामच्या बाटलीत नेलेली लघवी कल्चरला चालत नाही, हे आम्ही एकीच्या वाया गेलेल्या पैशांवरून शिकलो.

आपल्या देशात हे ई. कोलाय फार निर्ढावलेत. सिप्रोफ्लॉक्सासिन, नॉरफ्लॉक्सासिन या ज्या गोळ्या मेडिकलवाला हातावर ठेवतो, त्यांना ते बऱ्याच ठिकाणी दाद देत नाहीत. आणि त्याच जातीच्या गोळ्यांबद्दल अमेरिकेच्या औषध खात्यानं २००८ साली चौकटीत ताकीद छापायला लावली: पायाच्या टाचेवरची शीर तुटू शकते, आणि साठीपुढं हा धोका जास्त. आमच्या गावात एका आजींची टाच गोळ्या चालू असतानाच दुखू लागली होती, आम्ही सगळ्यांनी ते वाताचं म्हणून तेल चोळलं. गोळ्यांमुळंच होतं असं मी आज छातीठोक सांगू शकत नाही, पण कुणी विचारलंसुद्धा नाही. नायट्रोफ्युरँटॉइन आणि फॉस्फोमायसिन ही जुनी औषधं साध्या मूत्राशयाच्या संसर्गाला अजून पुष्कळ ठिकाणी लागू पडतात, मात्र मूत्रपिंड थकलेलं असेल तर नायट्रोफ्युरँटॉइन चालत नाही. म्हणून क्रिॲटिनिनची तपासणीही विचारायची. हे डॉक्टरांनीच ठरवायचं. आपण नावं माहीत करून घ्यायची ती विचारण्यासाठी, विकत आणण्यासाठी नव्हे. आणि दिलेला डोस पुरा करायचा, माझ्यासारखा डबा भरायचा नाही.

याच्या उलट एक गोष्ट, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. सत्तरीपुढच्या कितीतरी बायकांच्या लघवीत जंतू असतात आणि त्यांना काहीही त्रास नसतो. ना आग, ना ताप. ते तिथं राहतात, बाईही राहते. अशा वेळी औषध द्यायचं नसतं. औषधानं ते जंतू थोडे दिवस जातात, निर्ढावून परत येतात, आणि खरी गरज पडेल तेव्हा औषध लागू पडत नाही. पण आपल्याकडं होतं काय? 'फुल बॉडी चेकअप'चा कागद येतो, त्यात 'पस सेल्स' लिहिलेलं असतं, मुलगा घाबरतो, आईला गोळ्या सुरू. किंवा आजी दोन दिवस असंबद्ध बोलायला लागते, कागदावर जंतू दिसतात, झालं निदान. तेव्हा आधी बघायचं: पाणी किती प्यायली? पडली का? शौचाला किती दिवस झालं नाही? झोपेची नवी गोळी सुरू झाली का? लघवीची तक्रार नाही, ताप नाही, तर जंतूंवर खापर फोडायची घाई नको. थंडी वाजून ताप, कुशीत-पाठीत दुखणं, उलट्या असतील तर मात्र वाट बघायची नाही, त्याच दिवशी दवाखाना, कारण संसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोचलेला असू शकतो. लघवीतून रक्त गेलं आणि संसर्ग बरा झाल्यावरही पुन्हा दिसलं, तर त्याची वेगळी तपासणी करायलाच हवी.

अंग बाहेर येणं. हे शब्द उच्चारले की खोलीत शांतता पसरते, आत्ताही पसरली. पाच-सहा बाळंतपणं, तिसऱ्या दिवसापासून हंडे, डोक्यावर मोळ्या. गर्भाशयाला आणि मूत्राशयाला धरून ठेवणारे स्नायू सैलावतात, मूत्राशय खाली ओघळतं, लघवी पूर्ण होत नाही, थोडी आत साचून राहते. साचलेल्या पाण्यात शेवाळ धरतं तसं जंतूंना बरं होतं. किती तरी बायका बोटानं अंग आत ढकलून लघवी करतात आणि हे जन्मात कुणाला सांगत नाहीत. हिला कितीही गोळ्या द्या, साचणं थांबत नाही तोवर संसर्ग थांबत नाही. ऑपरेशन नको असेल, झेपणार नसेल, तर रबराची किंवा सिलिकॉनची गोल कडी असते, रिंग पेसरी म्हणतात, ती आत बसवून अंग वर धरता येतं. ती वेळोवेळी काढून धुवावी लागते, तपासून घ्यावी लागते. आमच्या तालुक्यात बरीच वर्षं ती कुणी बसवतच नव्हतं, सरळ पिशवी काढायलाच सांगायचे. घाई नसेल तर लघवी झाल्यावर जरा थांबून, पुढं वाकून पुन्हा एकदा करावी, एवढ्यानंही काही जणींना फरक पडतो.

मधुमेहाचं थोडक्यात. साखर वाढलेली असली की जंतूंचं फावतं, आणि जुन्या मधुमेहात मूत्राशयाच्या नसा बधिर होऊन ते पुरतं रिकामं होत नाही. आणखी एक, डापाग्लिफ्लोझिनसारख्या नव्या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. २०२० नंतर त्या स्वस्त झाल्या, गावोगाव दिल्या जातात, गोळ्या चांगल्या आहेत. पण त्यांनी योनीच्या बाहेर बुरशी धरून खाज-आग होऊ शकते. बाई म्हणते 'लघवीला आग होते', तिला जंतूंची गोळी मिळते आणि बुरशी आणखी वाढते. म्हणून आग आत की बाहेर, हे विचारायचं. मधुमेहाची गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही.

घरचे उपाय विचाराल, तर धण्या-जिऱ्याचं पाणी, बार्ली, सरबत यातलं पाणी हे खरं औषध. २०१८ साली छापलेल्या एका अभ्यासात कमी पाणी पिणाऱ्या आणि वारंवार त्रास होणाऱ्या १४० बायका घेतल्या होत्या. ज्यांनी रोज दीड लिटर पाणी वाढवलं त्यांचा त्रास जवळपास निम्म्यावर आला. त्या बायका पाळी चालू असलेल्या होत्या हे सांगायला हवं, पण आजीनंही तहान मारू नये एवढं त्यातून घ्यायला हरकत नाही. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर किती प्यायचं ते डॉक्टरांना विचारून. परदेशातल्या मुली क्रॅनबेरीच्या गोळ्या पाठवतात. काही बायकांना त्यांचा थोडा उपयोग होतो असं दिसलंय. डी-मॅनोज नावाच्या महागड्या पुडीचा मात्र २०२४ साली ब्रिटनमध्ये सुमारे सहाशे बायकांवर केलेल्या अभ्यासात काही गुण दिसला नाही. तो पैसा दुधाला ठेवा. आणि डेटॉल, साबण, सुगंधी पाणी आत घालून धुणं बंद करा. कोरड्या, पातळ त्वचेची त्यानं आणखी आग होते. साधं पाणी, आणि शौचानंतर धुताना पुढून मागं.

पण पाणी प्या म्हणताना माझी मलाच लाज वाटते कधी कधी. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी गेलं. त्या दिवसांत कुठल्या घरातली म्हातारी दोन लिटर पाणी पीत होती? हंडा आणणारी सून, पिणारे आधी पोरं, मग पुरुष, मग गुरं. आणि पाणी असलं तरी जायचं कुठं? २०११ साली मुंबईत 'राइट टू पी'ची मोहीम सुरू झाली. बायांनी शहरातल्या मुताऱ्या मोजल्या, पुरुषांना फुकट आणि बाईला पैसे, हे उघड्यावर आणलं. ती मोहीम आपण तरुण नोकरदार, फेरीवाल्या बायकांची समजलो. खरं तर तिची सगळ्यात जास्त गरज साठीच्या बाईला आहे. तिला घाईची लागते, तिला गुडघ्यांमुळं उकिडवं बसता येत नाही. हागणदारीमुक्त गावातला संडास अंगणापलीकडे, तीन पायऱ्या चढून, रात्री दिवा नाही. आजी संध्याकाळी पाचनंतर पाणी बंद करते. हे मी एका घरातलं सांगत नाही. आमच्या गटानं वस्तीत चाळीस आजींना विचारलं. ती काही शास्त्रीय पाहणी नव्हती, पण वहीत लिहून घेतलं, आणि जेमतेम सहा जणी म्हणाल्या की रात्री तहान लागली तर पितो.

त्या वहीत आता आम्ही पाच प्रश्न छापून घेतलेत, ते वाचून दाखवते, हवे तर उतरवून घ्या. लघवीला आग होते का, वर्षात कितीदा? गोळ्या कुणी दिल्या, कल्चर झालं का? अंग बाहेर येतं का? आतून कधी तपासलं का? रात्री संडासाला जाता येतं का? हे विचारायला कुणी डॉक्टर लागत नाही. मात्र विचारताना सुनेला, मुलाला बाहेर बसवायचं, आणि पहिल्या खेपेला 'न्हाई' असं उत्तर आलं तरी वही मिटायची नाही. अक्कांनी मला खरं सांगायला चौथी खेप लागली होती. ग्रामसभेत आम्ही आजींच्या घरातल्या संडासाला कठडा आणि दिवा मागितला, तेव्हा सरपंच हसले. पुढच्या ग्रामसभेत नऊ आजी स्वतः आल्या. एकीनं उभं राहून सांगितलं, "मला मुतायला भीती वाटती." हसू थांबलं. सात घरांत दिवे लागले, कठडे दोनच. बाकीचे अजून मागतो आहोत.

माझं स्वतःचं विचाराल तर मलम चालू आहे. गेल्या तीन वर्षांत एकदाच त्रास झाला, तेव्हा कल्चर केलं.

आता चहा आहे. पुरा प्या. शिपायाकडून संडासाची किल्ली मी सकाळीच घेतली, ती दारामागच्या खिळ्याला अडकवली आहे. बादलीत पाणी भरून ठेवलंय. कुणी कुणाला विचारायचं नाही, उठायचं आणि जायचं. चहानंतर ज्यांना एकटीनं बोलायचंय त्यांच्यासाठी मी पाठीमागच्या खोलीत बसते.